तीन पेन्सचा कर आणि शंभर माणसं

जानेवारी 1774. व्हर्जिनियातला एक बावीस वर्षांचा तरुण फिलाडेल्फियातल्या मित्राला पत्र लिहीत होता. तरुणाचं नाव जेम्स मॅडिसन, मित्राचं विल्यम ब्रॅडफर्ड. दोघे न्यू जर्सीच्या कॉलेजात, म्हणजे आजच्या प्रिन्स्टनमध्ये, एकत्र शिकलेले. मॅडिसन भडकला होता. शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, पाच-सहा भली माणसं तुरुंगात डांबली आहेत, गुन्हा काय तर त्यांनी आपली धर्ममतं उघडपणे सांगितली, असं त्याने लिहिलं. छळाच्या या वृत्तीला त्याने सैतानी म्हटलं. या विषयावर भांडून भांडून मी थकलो, आता आमच्याकडे सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य पुन्हा जागं व्हावं म्हणून तूच प्रार्थना कर, अशी त्याने मित्राला गळ घातली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच मित्राला त्याने आणखी एक पत्र लिहिलं. आमच्या एका काउंटीत काही गुलामांनी गुपचूप जमून पुढारी निवडला, इंग्रज फौज आली की तिला मिळायचं आणि स्वातंत्र्य मिळवायचं असा त्यांचा बेत होता, अशी बातमी त्यात होती. बेत वेळीच कळला आणि ही ‘लागण’ पसरू नये म्हणून बंदोबस्त झाला, हेही त्याने लिहिलं. असे प्रयत्न दडपावेतच, शिवाय त्यांची वाच्यताही होऊ देऊ नये, हे त्याचं मत.

मॅडिसन पुढे अमेरिकेचा चौथा अध्यक्ष झाला. तिथल्या राज्यघटनेचा जनक म्हणून त्याला ओळखतात. धर्मस्वातंत्र्याचा विचार त्याच्याइतका खोलवर केलेले राजकारणी इतिहासात फार थोडे. आणि जन्मापासून मरेपर्यंत तो गुलामांच्या श्रमावर जगला. त्याच्या माँटपेलियर या शेतवाडीवर एका वेळी शंभराच्या आसपास माणसं त्याच्या मालकीची होती. ‘तो काळच तसा होता’ म्हणून हा विषय मिटवता येत नाही. त्याच्या काळातल्या माणसांनी त्याच्या तोंडावर हा प्रश्न विचारला होता, आणि त्याने स्वतःच्या हाताने लिहूनही ठेवला होता.

सहन करणं वेगळं, हक्क वेगळा

आधी ती पाच-सहा माणसं तुरुंगात का होती ते पाहू. व्हर्जिनिया तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि तिथे सरकारी धर्मपंथ होता : अँग्लिकन चर्च, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड. पाद्र्यांचा पगार सगळ्यांच्या करातून निघे, तोही तंबाखूच्या रूपात. तुम्ही दुसऱ्या पंथाचे असलात तरी कर चुकत नसे. दुसऱ्या पंथाच्या उपदेशकाला परवाना घ्यावा लागे. बॅप्टिस्ट पंथाचे बरेच उपदेशक तो घ्यायला नकार देत. देवाचं बोलायला सरकारची परवानगी कशाला, हा त्यांचा सवाल. मग शांतताभंगाचा आरोप आणि कोठडी. कल्पेपरच्या तुरुंगात जेम्स आयर्लंड नावाचा उपदेशक खिडकीच्या गजांतून बाहेरच्या लोकांना उपदेश करत असे. ते ऐकायला जमणाऱ्या काळ्या लोकांना उघडं करून फटके मारत, अशी नोंद त्याने आपल्या आठवणींत केली आहे. हे फटके लक्षात ठेवा, पुढे लागतील.

1776 मध्ये व्हर्जिनियाने इंग्रजांशी नातं तोडलं आणि हक्कांचा जाहीरनामा लिहायला घेतला. मसुदा जॉर्ज मेसनचा. धर्माच्या कलमात त्याने ‘धर्माचरणाबाबत पुरेपूर सहिष्णुता’ असे शब्द घातले होते. त्या काळाच्या मानाने ते पुढारलेलेच. पण सभेत नवखा असलेला, पंचविशीतला, बारीक आवाजाचा मॅडिसन त्यावर अडून बसला. सहिष्णुता नको, म्हणाला. त्याच्या खटपटीने कलम बदललं : मुक्तपणे धर्माचरण करण्याचा सर्व माणसांना सारखाच हक्क आहे.

शब्दांचा कीस वाटेल, पण सगळी गोम इथेच आहे. घरमालकाने ‘राहा हो, काही हरकत नाही’ म्हणणं आणि सातबारावर तुमचं नाव असणं, यात जो फरक, तोच सहिष्णुता आणि हक्क यांत. सहन करणारा वर असतो, ज्याला सहन केलं जातं तो खाली. आज सहन केलं, उद्या नाही केलं, तर दाद कुणाकडे मागणार? हक्क मात्र कुणी दिलेला नसतो, म्हणून कुणी काढून घेऊ शकत नाही. मेसनचा एक शब्द खोडून मॅडिसनने सरकारला मालकाच्या खुर्चीवरून खाली उतरवलं. त्याने पुढे काहीही केलं नसतं तरी एवढ्यासाठी मी त्याला मोठं मानलं असतं.

त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात दुसरी एक दुरुस्ती झाली. ‘सर्व माणसं निसर्गतः सारखीच स्वतंत्र आहेत’ हे वाक्य आलं तेव्हा सभेतले मळेवाले चपापले. हे खरं धरलं तर आमच्या गुलामांचं काय? चर्चा अडली. शेवटी एक तुकडा मध्ये सरकवला : माणसं ‘समाजात प्रवेश करतात तेव्हा’ हे हक्क सोडून देऊ शकत नाहीत. गुलाम हे समाजाचे घटकच नाहीत, तेव्हा त्यांना हे लागू नाही, असा त्याचा अर्थ लावायची सोय झाली. म्हणजे एका दस्तऐवजात एका शब्दाने दार उघडलं गेलं आणि दुसऱ्या शब्दाने लावलं गेलं. ‘सर्व माणसं’ म्हणजे नेमकी कोण, हा प्रश्न तिथेच चिकटला.

तीन पेन्स

स्वातंत्र्य मिळाल्यावर व्हर्जिनियात चर्चची अवस्था बिकट होती. 1784 मध्ये पॅट्रिक हेन्री या जबरदस्त वक्त्याने एक विधेयक पुढे रेटलं. प्रत्येकाने धर्मशिक्षकांसाठी थोडा कर द्यावा, पण आपला पैसा कुठल्या ख्रिस्ती पंथाला जावा हे ज्याचं त्याने ठरवावं. पंथ सांगायचा नसेल तर पैसा शिक्षणाकडे वळेल. वरवर पाहता यात कुणावरही अन्याय नाही. जॉर्ज वॉशिंग्टनलाही सुरुवातीला यात गैर वाटलं नव्हतं.

मॅडिसनला वाटलं. त्याने मतदान पुढे ढकलवलं. दरम्यान हेन्री गव्हर्नर झाला आणि विधिमंडळाबाहेर गेला. मग 1785 च्या उन्हाळ्यात मॅडिसनने निनावी अर्ज लिहिला, ‘मेमोरियल अँड रेमॉन्स्ट्रन्स’. निवेदन आणि निषेध, असं म्हणू. त्यात पंधरा मुद्दे आहेत आणि त्यांतला तिसरा मला आजही थरारून टाकतो. जे सरकार नागरिकाला एका चर्चसाठी फक्त तीन पेन्स द्यायला भाग पाडू शकतं, ते उद्या हवं ते करायला भाग पाडू शकतं. रक्कम क्षुल्लक आहे म्हणून गप्प बसू नका. आपल्या स्वातंत्र्यावर पहिला प्रयोग होतो तेव्हाच धोक्याची घंटा वाजवायला हवी. तीन पेन्स म्हणजे चिल्लर, पण मॅडिसन रकमेकडे पाहत नव्हता, अधिकाराकडे पाहत होता.

दुसरा युक्तिवाद इतिहासाचा. ख्रिस्ती धर्माला जवळजवळ पंधरा शतकं राजाश्रय मिळाला, त्यातून निघालं काय? पाद्र्यांचा गर्व आणि आळस, लोकांचं अज्ञान आणि लाचारी. मॅडिसन धर्माच्या विरोधात नव्हता, हे विसरता कामा नये. सरकारी आधाराने धर्मच किडतो, असं तो म्हणत होता. बॅप्टिस्टांचंही हेच म्हणणं होतं. गावोगाव सह्या झाल्या, वेगवेगळ्या अर्जांवर मिळून दहा हजारांच्या वर, बहुतेक कराच्या विरोधात. भाविकांचा स्वतःचा अर्ज मॅडिसनच्या विद्वान अर्जापेक्षा कितीतरी जास्त सह्या मिळवून गेला. हेन्रीचं विधेयक बारगळलं.

लोखंड तापलेलं होतं. थॉमस जेफरसनने 1779 मध्ये मांडलेलं आणि तेव्हापासून पडून असलेलं धर्मस्वातंत्र्याचं विधेयक मॅडिसनने बाहेर काढलं. जेफरसन तेव्हा अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसमध्ये. जानेवारी 1786 मध्ये कायदा झाला. त्यात येशू ख्रिस्ताचं नाव घालण्याचा प्रयत्न मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. जेफरसनने पुढे आत्मचरित्रात याचा अर्थ सांगितला : यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि कुठलाच धर्म न मानणारे, या सगळ्यांना हे छत्र आहे. व्हर्जिनियात तेव्हा हिंदू औषधालाही नसेल. तरी नाव घेतलं, कारण तत्त्व समोर कोण उभं आहे हे बघून ठरत नाही, हेच त्यांना म्हणायचं होतं.

आता याच अधिवेशनातली दुसरी गोष्ट. नोव्हेंबर 1785 मध्ये मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी अर्ज आणला की गुलामगिरी हळूहळू संपवा. तो एकमताने फेटाळला गेला. काही सभासदांनी त्यातल्या तत्त्वाची बाजू घेतली, पण फेटाळण्याच्या विरोधात मत एकही पडलं नाही. मॅडिसननेच हे वॉशिंग्टनला कळवलं. त्या वर्षी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या टेबलावर दोन स्वातंत्र्यांचे अर्ज होते. एकावर इतिहास घडला, दुसऱ्यावर पाच-दहा मिनिटांची चर्चा झाली असावी असं वाटण्याइतपत निकाल लागला.

ज्यांची सही चालते, ज्यांची चालत नाही

असं का झालं? माझं उत्तर मॅडिसनच्याच सिद्धांतात आहे.

मॅडिसनला सर्वांत जास्त भीती बहुमताची वाटायची. राजा एकटा असतो, बहुमत सगळीकडे असतं. यावर त्याने शोधलेला उपाय असा : पंथ खूप असू द्या, हितसंबंध खूप असू द्या, म्हणजे एकाला बाकीच्यांवर स्वार होता येणार नाही. घटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखमालेत, 51 व्या लेखात, त्याने हे मांडलं आहे. या यंत्राचं इंधन म्हणजे दबाव. बॅप्टिस्ट शेतकऱ्याकडे मत होतं. 1789 मध्ये पहिल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीत मॅडिसनसमोर जेम्स मन्रो उभा होता. बॅप्टिस्टांना नव्या घटनेत धर्मस्वातंत्र्याची लेखी हमी हवी होती. मॅडिसनला आधी अशा हमीची गरज वाटत नव्हती, पण त्याने वचन दिलं आणि 1,308 विरुद्ध 972 मतांनी तो निवडून आला. त्याने वचन पाळलंही. जून 1789 मध्ये दुरुस्त्या मांडल्या. त्यांतून निघालेली पहिली घटनादुरुस्ती 1791 मध्ये मंजूर झाली. काँग्रेस कुठलाही धर्म प्रस्थापित करणार नाही आणि मुक्त धर्माचरणाला मज्जाव करणार नाही, ही तिची सुरुवात.

माँटपेलियरच्या शेतात राबणाऱ्या माणसाला मत नव्हतं. त्याची सही कुठल्याही अर्जावर चालत नव्हती. पण मोजला मात्र तोही जात होता. 1787 मध्ये फिलाडेल्फियात घटना लिहिताना प्रश्न आला की काँग्रेसमधल्या राज्याच्या जागा लोकसंख्येवर ठरवायच्या तर गुलाम धरायचे का. दक्षिणेला जागांसाठी ते हवे होते. तडजोड झाली ती पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. हे तीन-पंचमांशाचं प्रमाण चार वर्षांपूर्वी करआकारणीच्या संदर्भात मॅडिसननेच सुचवलेलं. म्हणजे गुलामाला मत नाही, पण त्याच्या नावावर त्याच्या मालकाच्या राज्याला जास्तीच्या जागा. अमेरिकेच्या पहिल्या पाच अध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे होते. त्याला कारणं अनेक, पण हे गणितही त्यांतलं एक.

त्याच सभेत मॅडिसन काय म्हणाला तेही ऐका. माणसाने माणसावर आजवर जे सर्वांत जुलमी वर्चस्व गाजवलं, ते केवळ कातडीच्या रंगाच्या फरकावर, आणि तेही या ज्ञानयुगात. हे त्याचे 6 जूनचे उद्गार. ऑगस्टमध्ये त्याने आग्रह धरला की माणूस ही मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत येऊ देणं चूक आहे. गुलामांचा व्यापार 1808 पर्यंत चालू ठेवण्याच्या तडजोडीला त्याने राष्ट्राच्या चारित्र्याला लांच्छन म्हटलं. मूळ घटनेत ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही. शब्द नाही, वस्तू मात्र आहे. आणि पुढच्याच वर्षी ‘फेडरलिस्ट’च्या 54 व्या लेखात गुलाम अर्धा माणूस, अर्धी मालमत्ता कसा, हे त्याने दक्षिणेच्या वतीने समजावून सांगितलं.

बिली

या सगळ्यात मला राहून राहून आठवतो तो बिली. मॅडिसन काँग्रेसचा सभासद म्हणून फिलाडेल्फियात राहत असताना बिली हा त्याचा गुलाम सोबत होता. तिथे त्याने मोकळे काळे लोक पाहिले, मोकळी हवा पाहिली. 1783 मध्ये मॅडिसन घरी परतायला निघाला तेव्हा वडिलांना त्याने लिहिलं : बिलीचं मन आता इतकं ‘बिघडलं’ आहे की व्हर्जिनियातल्या गुलामांत त्याला ठेवण्यात अर्थ नाही. पण ज्या स्वातंत्र्यासाठी आपण एवढं रक्त सांडलं, जो प्रत्येक माणसाचा हक्क म्हणून आपण इतक्यांदा गाजावाजा केला, त्याचीच इच्छा धरली एवढ्यासाठी त्याला दूर देशी विकण्याची शिक्षा मी करू शकत नाही.

हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला सगळं कळत होतं. मग त्याने काय केलं? पेन्सिल्व्हेनियाच्या कायद्यानुसार बिलीला सात वर्षांच्या करारावर विकलं. मुदत संपली की तो मोकळा. पुरी किंमत येणार नाही, हेही पत्रात नोंदवलं. बिली पुढे विल्यम गार्डनर या नावाने स्वतंत्र माणूस म्हणून जगला. एका माणसाला त्याने हक्क मानला तोही हप्त्याने, आणि माँटपेलियरवरच्या बाकीच्यांना तोही नाही.

1792 मध्ये मॅडिसनने मालमत्तेवर एक छोटा निबंध लिहिला. जमीन, पैसा, माल ही तर मालमत्ता आहेच, पण माणसाची मतं, त्याची श्रद्धा, त्याच्या शरीराचं स्वातंत्र्य हीसुद्धा त्याची मालमत्ताच, आणि सदसद्विवेक ही सर्वांत पवित्र मालमत्ता. विचार सुंदर आहे. पण यातून अडचण सुटत नाही, वाढते. कारण माँटपेलियरच्या कागदपत्रांत मालमत्ता म्हणून माणसांचीही नावं होती, आणि दोन मालमत्ता समोरासमोर आल्या तेव्हा मॅडिसन दर वेळी कागदावरची धरून बसला.

त्याच्या आजूबाजूला वेगळी वाट धरणारे होते. धर्मस्वातंत्र्याच्या लढ्यातला बॅप्टिस्ट उपदेशक जॉन लीलंड याने 1789 मध्ये व्हर्जिनियाच्या बॅप्टिस्टांकडून ठराव करवून घेतला की गुलामगिरी हा निसर्गदत्त हक्कांवरचा घाला आहे. मॅडिसनचा खासगी चिटणीस एडवर्ड कोल्स याने 1819 मध्ये आपल्या वाट्याला आलेले गुलाम इलिनॉयच्या वाटेवर मोकळे केले, त्यांना जमिनी दिल्या आणि पुढे तो त्या राज्याचा गव्हर्नर झाला. मॅडिसनलाही मृत्युपत्रात तसंच करण्याचा त्याने आग्रह केला.

मॅडिसन योजना आखत राहिला. 1819 मधलीच एक अशी : पंधरा लाख गुलाम, प्रत्येकी सरासरी 400 डॉलर, म्हणजे 60 कोटी डॉलर. पश्चिमेकडची सरकारी जमीन विकून ते उभे करायचे, मालकांना भरपाई द्यायची आणि मुक्त झालेल्यांना देशाबाहेर वसवायचं. गोरे आणि काळे एका देशात बरोबरीने नांदू शकणार नाहीत, गोऱ्यांचा पूर्वग्रह जाणार नाही, असं तो धरून चालला होता. काळ्यांना आफ्रिकेत वसवणाऱ्या अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटीचा तो अखेरची वर्षं अध्यक्ष होता. ज्या माणसाने पंधरा शतकांच्या धर्मद्वेषावर कायद्याने मात करता येते असं मानलं, त्याला वर्णद्वेषापुढे मात्र कायदा लुळा वाटला. तीन पेन्सवर ज्याने घंटा वाजवली त्याने इथे आधी मोबदला, मग संमती, मग स्थलांतर अशा अटींची रांग लावली.

1831 मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलाम उपदेशकाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला. पुढच्या वर्षी विधिमंडळाने कायदा केला : काळा माणूस, गुलाम असो वा मुक्त, धर्मोपदेश करणार नाही. केल्यास 39 पर्यंत फटके. ज्या राज्याने मुक्त धर्माचरणाचा हक्क ‘सर्व माणसांना’ दिला होता, त्याच राज्यात हे घडलं. मॅडिसन तेव्हा हयात होता. कल्पेपरच्या खिडकीखाली पडलेले फटके आता कायद्याच्या पुस्तकात आले होते. म्हणून ‘धर्मस्वातंत्र्यात थोर, गुलामगिरीत कमी पडला’ असे त्याचे दोन कप्पे करणं मला पटत नाही. गुलामगिरी उरली तिथे धर्मस्वातंत्र्यही उरलं नाही.

1835 मध्ये इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनो त्याला भेटायला गेली. गुलामगिरीवर होणारे सगळे आरोप त्याने कबूल केले. त्या बाबतीत जवळजवळ निराश झालो आहे, म्हणाला. नुकतेच डझनभर गुलाम विकावे लागले, हेही सांगितलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो वारला. मृत्युपत्रात मुक्ती नव्हती. कुणालाही त्याच्या संमतीशिवाय विकू नये, अशी इच्छा होती. पत्नी डॉली कर्जात बुडाली आणि माणसं विकली गेली. 1844 मध्ये माँटपेलियरही गेलं.

अमेरिकेत गुलामगिरी 1865 मध्ये घटनेतून गेली, ती यादवी युद्धानंतर. आठ वर्षांनी पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ही अर्पणपत्रिका मॅडिसन-जेफरसनच्या पिढीला नव्हती. गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी ज्यांनी निरपेक्षपणे झीज सोसली, त्यांना होती. जोतीरावांनी कुणाला नमस्कार केला, हे मला फार बोलकं वाटतं.

मॅडिसनच्या मृत्यूच्या वेळी खोलीत पॉल जेनिंग्ज होता. 1799 मध्ये माँटपेलियरवर गुलाम म्हणून जन्मलेला, लहानपणीच अध्यक्षांच्या घरी चाकरीला नेलेला, पुढे मॅडिसनची दाढी करणारा, त्याची शेवटपर्यंत सेवा करणारा. डॉलीने त्याला विकला. सिनेटर डॅनिएल वेबस्टरने 1847 मध्ये 120 डॉलर भरून त्याला सोडवलं आणि महिना आठ डॉलरप्रमाणे काम करून त्याने ते फेडले. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनहून ‘पर्ल’ जहाजातून सत्तरच्या वर गुलामांनी पळून जायचा प्रयत्न केला, त्याच्या जुळवाजुळवीत जेनिंग्जचा हात होता. जहाज पकडलं गेलं. 1865 मध्ये त्याच्या छोट्या आठवणी छापल्या गेल्या. त्यांत मॅडिसनबद्दल कडवटपणा नाही, त्याला रागाने बोलताना आपण पाहिलं नाही, असं तो सांगतो. आणि डॉलीच्या अखेरच्या दिवसांबद्दलही त्याने लिहिलं आहे. तिच्याकडे कधी कधी खायलाही नसायचं. वेबस्टरकडे नोकरी करत असताना जेनिंग्ज तिच्याकडे बाजारहाटाची टोपली घेऊन जायचा आणि काही लागेलसं वाटलं तर अधूनमधून स्वतःच्या खिशातले थोडे पैसे तिच्या हातावर ठेवून यायचा.